नवा टायर घेण्याआधी जुना उलटून बघा

या महिन्यात इंजिन, क्लच, बॅटरी सगळे मागे पडले आणि निम्म्याहून जास्त पत्रं टायरांचीच आली. माझा तो घरचा विषय. माझी सगळी नोकरी टायर कंपनीच्या तक्रार विभागात गेली. ग्राहकानं परत आणलेला टायर टेबलावर घ्यायचा, आतून-बाहेरून चाचपायचा आणि दोष बनावटीचा की वापराचा हे कागदावर लिहून द्यायचं. त्यामुळे नव्या टायरच्या जाहिरातीपेक्षा झिजलेल्या टायरवर माझा विश्वास जास्त आहे. ही खोड खालच्या उत्तरांत जागोजागी दिसेल, चालवून घ्या.

प्रश्न : ताई, माझ्या गाडीचे मूळ टायर आठ वर्षांत ४५,००० किलोमीटर चालून संपले. साइझ १८५/६५ आर १५. आता वापर कमी झालाय, वर्षाला फार तर सहा हजार. दुकानदारानं तीन टायर दाखवले : एक स्वस्त, एक 'भरपूर चालणारा' आणि एक पावसात चांगली पकड देणारा, पण सगळ्यात महाग. मुलगी म्हणते पकड बघा. मेहुणे म्हणतात, जास्त चालेल तो घ्या. पकड, टिकाऊपणा आणि किंमत तिन्ही जमवायचं तर काय घ्यावं? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, तिन्ही पूर्ण मार्क कुठल्याच टायरला मिळत नाहीत. रस्ता डोळ्याला सपाट दिसला तरी त्यावर बारीक खडबड असते. रबर त्या खडबडीत दबून शिरतं, परत वर येतं आणि या खटाटोपात थोडी शक्ती उष्णता होऊन जाते. ओल्या रस्त्यावरची बरीचशी पकड यातूनच येते. पण मऊ रबर लवकर घासतं आणि जास्त शक्ती खाणारं रबर गाडीला मागे ओढून इंधन जास्त पितं. पकड, झीज आणि इंधन ही तिन्ही अशी एकमेकांच्या पायात पाय अडकवून उभी असतात. १९९२ साली मिशलँ कंपनीनं ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार थराच्या, रबरातल्या काजळीची बरीचशी जागा सिलिकाला दिली, तेव्हा ओल्या रस्त्यावरची पकड न घालवता इंधन वाचवणं जमलं. आज चांगल्या टायरच्या किमतीतला काही भाग खरोखर या मिश्रणाचा असतो, नुसता नावाचा नव्हे. तरीही एकाच कंपनीचे 'जास्त चालणारा' आणि 'जास्त धरणारा' असे दोन वेगळे टायर दुकानात दिसतात, त्याचा अर्थ तुम्हाला समजतोच आहे.

आता तुमचं गणित. वर्षाला सहा हजार किलोमीटर आणि साठ हजार चालणारा टायर, म्हणजे दहा वर्षं. तेवढ्या वर्षांत रबर ऊन-वाऱ्यानं कडक होतं, खाचांच्या तळाशी बारीक भेगा पडतात. नक्षी शिल्लक असते, पकड गेलेली असते. पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि नक्षी कितीही दिसत असली तरी दहाव्या वर्षाच्या पुढे वापरू नये, असं मोठ्या कंपन्या स्वतःच सांगतात. मेहुण्यांचा टायर तुमच्याकडे झिजून संपणार नाही, म्हातारा होऊन संपेल. न वापरलेल्या किलोमीटरांचे पैसे कशाला भरायचे? मुलीचं ऐका.

वर्षाला पंचवीस हजार चालवणाऱ्यानं हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर फिरलं असतं. त्यानं दर हजार किलोमीटरचा खर्च काढावा. स्वस्त टायरची किंमत १०० धरा आणि तो ४०,००० चालेल असं माना. महागाची १३५ आणि तो ५५,००० चालेल. पहिल्याचा खर्च हजाराला २.५०, दुसऱ्याचा २.४५. म्हणजे जवळपास बरोबरी, आणि फिटिंग-बॅलन्सिंगची एक फेरी वाचली ती वेगळी. बरोबरीत सुटत असेल तर चांगली पकड घेऊन मोकळं व्हावं. मात्र टायर किती चालेल हा आकडा दुकानदाराच्या तोंडचा घेऊ नका. तुमच्याच गाडीवर, तुमच्याच रस्त्यांवर मागचा संच किती चालला तिथून सुरुवात करा. त्यातही एक काटछाट आहे. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटरपर्यंत वापरायला कायद्याची परवानगी असते. खाचांमध्ये आडव्या छोट्या पट्ट्या असतात, त्या ट्रेडच्या बरोबरीला आल्या की ती हद्द आली. पण ओल्या रस्त्यावर ब्रेक लागण्याचं अंतर ३ मिलिमीटरच्या खाली भराभर वाढू लागतं. मी हिशेब ३ मिलिमीटरलाच थांबवते. म्हणजे सांगितलेल्या आयुष्यातले सुमारे बावीस टक्के आधीच वजा.

युरोपीय लेबल लावलेला टायर मिळाला तर त्यावर इंधन आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई अशा श्रेणी असतात, शिवाय आवाज डेसिबलमध्ये. तुम्ही पकडीची श्रेणी आधी बघा. किती चालेल ते या लेबलावर नसतं आणि पकडीची परीक्षाही नव्या टायरचीच घेतलेली असते, हे लक्षात असू द्या.

एक गोष्ट मात्र पत्रात राहिली : जुने चार टायर झिजले कसे? दुकानात काढलेले असतील तर फेकू देऊ नका, आधी उलटून बघा. मधला पट्टा गेलाय आणि कडा शाबूत आहेत, तर हवा सतत जास्त होती. दोन्ही कडा गेल्या, मधलं शिल्लक, तर हवा कमी. फक्त आतली कड गेली असेल तर ती गाडीखाली वाकल्याशिवाय दिसतच नाही. बाहेरून टायर नवा वाटतो आणि आत तारा डोकावत असतात. ही बिघडलेल्या अलाइनमेंटची (चाकांच्या कोनांच्या जुळणीची) किंवा सस्पेन्शनच्या सांध्यातल्या झिजलेल्या रबरी बुशची करणी. मग तळहात ट्रेडवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट जाताना करवतीसारखं बोचत असेल तर पुढची चाकं एकमेकांशी समांतर राहिलेली नाहीत आणि टायर दर किलोमीटरला थोडा थोडा फरफटत गेलाय. टायर रिमवरून उतरल्यावर आत हात घाला. हाताला काळी रबराची भुकटी लागली तर समजा, तो कधीतरी हवा नसताना पळवला गेलाय आणि आतून रगडला गेलाय.

चारही सारखे झिजले असतील तर गाडी ठीक आहे, महागातला टायर बेलाशक घ्या. एकच कड गेली असेल तर आधी अलाइनमेंट करा. नाहीतर कितीही नावाजलेला टायर लावा, त्याचीही तीच कड जाईल.

प्रश्न : आधीच्या टायरवर 'ट्रेडवेअर ३४०' होतं. या वेळी मुद्दाम दुसऱ्या कंपनीचा ५०० वाला घेतला, पण तो आधीच्यापेक्षा लवकर झिजतोय. ही सरळ फसवणूक नाही का? – एक वाचिका, रोज लांबचा प्रवास

उत्तर : राग समजतो, पण 'फसवणूक' हा शब्द जरा राखून ठेवा. ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल याचा तुलनेनं काढलेला आकडा, आणि ही अमेरिकन पद्धत आहे. टेक्सासमध्ये ठरलेल्या रस्त्यांवर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर फिरवतात. त्यात एक ठरावीक नमुना टायर असतो आणि त्याच्या झिजेशी तुलना करून आकडा काढतात. ५०० म्हणजे १०० वाल्याच्या पाचपट आयुष्य, असा कागदावरचा अर्थ. परीक्षा तेवढ्या अंतराची, पुढचा सगळा अंदाज. शिवाय टायरवर आकडा छापते ती कंपनी स्वतः, आणि निघाला त्यापेक्षा कमी छापायलाही ती मोकळी असते. कुणी हात राखून लिहितं, कुणी सैल सोडतं. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला हा आकडा बरा. दोन कंपन्यांमध्ये त्याच्या भरवशावर निवड करू नका.

त्याच्या शेजारी 'ट्रॅक्शन' म्हणून एए, ए, बी किंवा सी असतं. ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून घेतलेली परीक्षा. वळणावर टायर कसा वागेल किंवा साचलेल्या पाण्यावर तरंगेल का, याबद्दल ते अक्षर काही बोलत नाही. 'टेम्परेचर'चं अक्षर उष्णता सोसण्याचं, तिथे ए सगळ्यात वरचा.

आता मला सांगा, लवकर झिजतोय तो कुठल्या चाकाचा? तक्रार घेऊन येणारी माणसं नेहमी एकच टायर घेऊन यायची, सगळ्यात वाईट झालेला. माझा पहिला प्रश्न ठरलेला : बाकीचे तीन कुठायत? पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढच्या टायरांवर ओढण्याचं, वळण्याचं आणि जास्तीत जास्त ब्रेकचं काम असतं. ते मागच्यांपेक्षा बरेच लवकर जातात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे केले नसतील तर ३४० आणि ५०० ची तुलनाच होऊ शकत नाही. चारही टायरची खोली मोजा, प्रत्येकाची आतून, मधून आणि बाहेरून. गेज स्वस्त असतं आणि खिशात मावतं. बारा आकडे समोर ठेवून दुकानदाराशी बोललात तर बोलण्याचा सूर वेगळा राहील.

प्रश्न : सध्या दोनच टायर बदलायचेत. गाडी पुढच्या चाकांवर चालते. नवे पुढे लावायचे ना? यजमान म्हणतात, ओढतात पुढचे आणि स्टिअरिंगही पुढचंच. – एक गृहिणी

उत्तर : नवे मागे लावा. यजमानांचा तर्क ऐकायला पटतो, आणि बरीच दुकानंही न विचारता नवे पुढेच लावतात. पण ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरले तर गाडी वळायची तेवढी वळत नाही, सरळ जाऊ बघते. स्टिअरिंग हलकं पडतं, तुम्हाला ते जाणवतं, तुम्ही पाय उचलता आणि बहुतेक वेळा गाडी परत हातात येते. मागचे घसरले तर काही जाणवायच्या आधी गाडीची शेपटी बाहेर गेलेली असते आणि घाबरून पाय उचलला की ती आणखी फिरते. ते सावरणं भल्या भल्या चालकांना जमत नाही. म्हणून गाडी पुढून ओढणारी असो की मागून ढकलणारी, जास्त नक्षीवाली जोडी मागे. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र पुढच्या-मागच्या घेरात फरक पडला तर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. तिथे आधी गाडीची पुस्तिका बघा. कदाचित चारही एकदम घ्यावे लागतील.

पुढचे जुने आणखी झिजले की पुन्हा दोनच नवे घ्यायची वेळ येईल. तेव्हा आताचे मागचे पुढे आणा आणि नवे परत मागे. एका अॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगवेगळ्या नक्षीचे टायर मात्र कधीच नकोत.

यजमानांसाठी आणखी एक. टायर पाण्यावर तरंगायला कुठल्या वेगाला लागतो, हे नासाच्या अभियंत्यांनी १९६३ मध्ये विमानाच्या चाकांसाठी मांडलं होतं. त्या सूत्रात टायरचा ब्रँड नाही, हवेचा दाब आहे. गुळगुळीत टायर आणि भरपूर साचलेलं पाणी धरलं तर ३० पीएसआयला तो वेग ताशी ९१ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ पीएसआयला ८३. गाडीच्या टायरला खाचा असतात, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण दिशा तीच. पावसाआधी हवा तपासायला काही पैसे पडत नाहीत.

प्रश्न : माझाही टायर १८५/६५ आर १५. त्याच रिमवर २०५/६५ बसवला तर गाडी भरीव दिसेल आणि पकडही वाढेल, असं मित्र सांगतो. बसवू का? – कॉलेजचा विद्यार्थी

उत्तर : बसवू नकोस. १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, १५ हा रिमचा व्यास इंचांत. ६५ हा आकडा मात्र मिलिमीटर नसतो, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगतो. रुंदी वाढली की टायरची उंचीही वाढते. तुझ्या आताच्या टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर आहे, मित्राच्याचा साडेसहाशेला टेकतो. म्हणजे चार टक्क्यांवर फरक. स्पीडोमीटर आता बरोबर दाखवत असेल तर पुढे शंभर दाखवताना गाडी एकशेचारवर असेल. एबीएस आणि गिअरही जुन्या घेरावर बेतलेले असतात. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण संकेत आहे. पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो का, हा पुढचा प्रश्न, आणि तुझ्या रिमची रुंदी २०५ ला चालते का हा त्याच्या आधीचा.

रुंद टायरनं कोरड्या वळणावर पकड वाढू शकते. साचलेल्या पाण्यात मात्र त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो लवकर तरंगतो. स्टिअरिंग जड होतं आणि इंधन थोडं जास्त लागतं ते वेगळंच. हौसच असेल तर १६ इंची रिमवर १९५/५५ चा व्यास तुझ्या मूळ टायरशी मिलिमीटरभराच्या फरकानं जुळतो. गाडीच्या पुस्तिकेत तो साइझ दिलेला असेल तर त्याचा विचार कर. पण साइडवॉल कमी उंचीची होईल, खड्डा थेट रिमला कळेल.

आणि साइझच्या पुढचा आकडा-अक्षर सोडू नकोस. ८८एच मधला ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५००. मूळ टायरपेक्षा कमी आकडा कधीच घ्यायचा नाही. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. एवढ्या वेगानं कोण चालवतंय, असं म्हणून खालचं अक्षर स्वस्तात देणारे भेटतील. ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो याचीही खूण आहे. पुस्तिकेत दिलंय त्याच्या खाली उतरू नकोस.

प्रश्न : 'नवा' म्हणून दिलेल्या टायरवर ४२२३ असं कोरलंय. हे जुनं आहे का? – एक वाचक

उत्तर : २०२३ सालचा बेचाळिसावा आठवडा. सावलीत, उन्हापासून आणि चालू इलेक्ट्रिक मोटरपासून दूर ठेवलेला टायर वर्षभरानं बिघडत नाही, तेवढ्यासाठी भांडू नका. दोन वर्षांच्या वर गेला असेल तर किंमत कमी करून मागा, नाहीतर ताजा मागा. चारही टायरवरचे आकडे स्वतः वाचा. कधी कधी ते एकाच बाजूला कोरलेले असतात आणि फिटिंगनंतर ती बाजू आत जाते, म्हणून रिमवर चढवण्याआधीच बघून घ्या.

प्रश्न : नायट्रोजन भरावा का?

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. फुकट मिळत असेल तर भरा. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना दाब बघायचं काम त्यानं टळत नाही.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीला त्याच साइझचा साधा, स्वस्त टायर चालेल का? कंपनीचे मूळ टायर अपेक्षेपेक्षा फारच लवकर गेले. – एक वाचक

उत्तर : बसेल, पण आधी वजन पेलण्याचा आकडा ताडून बघा. बॅटरीमुळे या गाड्या जड असतात आणि बऱ्याचदा त्याच साइझमधला जास्त भार घेणारा, 'एक्सएल' लिहिलेला टायर त्यांना लागतो. मूळ टायर लवकर जाण्याचं कारणही त्या वजनात आणि उभ्या गाडीतून एकदम मिळणाऱ्या ताकदीत आहे. सिग्नल सुटल्यावर पाय जरा हलका ठेवलात तर पुढचा संच जास्त चालेल. साध्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना गाडीला मागे ओढणारा रोध) जास्त असेल तर एका चार्जमधलं अंतर कमी होतं, ते किमतीत धरा. काही मूळ टायरांच्या आत आवाज शोषायला फोमचा थर चिकटवलेला असतो. साधा टायर लावल्यावर गाडी जास्त घुमायला लागली तर बेअरिंग बदलायला धावू नका.

प्रश्न : ताई, तीन महिन्यांपूर्वी घेतलेल्या टायरच्या साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा आलाय. हवा कमी होत नाही. आणखी थोडे दिवस चालवू का, आणि कंपनी बदलून देईल का? – एक टॅक्सीचालक

उत्तर : आज स्टेपनी लावा, उद्यावर टाकू नका. फुगा म्हणजे साइडवॉलमधले धागे तुटलेत आणि आतली हवा नुसत्या रबराला बाहेर ढकलतेय. हवा कमी होत नाही, कारण आतला अस्तराचा थर अजून शाबूत आहे. तो कधी सुटेल ते सांगता येत नाही, आणि सुटेल तेव्हा सावकाश सुटणार नाही. पॅच, प्लग, व्हल्कनायझिंग, साइडवॉलवर कशाचाच उपयोग नाही. पंक्चर काढायचं ते फक्त ट्रेडच्या मधल्या भागात, तेही छिद्र ६ मिलिमीटरपर्यंत असेल तरच.

बदलून मिळण्याबद्दल खरं सांगते. टायर उतरवून फुग्याच्या मागची आतली बाजू उजेडात धरा आणि अंगठ्यानं दाबत जा. तिथे एकमेकांना समांतर दोन वळ दिसले, तर टायर खड्ड्यात किंवा दुभाजकाच्या कडेवर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटला गेलाय. असे टायर मीच कितीतरी नाकारलेत, हवा कमी असताना तर हा चिमटा हमखास बसतो. आत वळ नसतील, बाहेर घासल्याची खूण नसेल आणि रिमची कडही वाकलेली नसेल, तर अर्ज जरूर करा. बिल, बसवल्याचं किलोमीटर रीडिंग आणि आतल्या बाजूचा स्वच्छ फोटो जोडा.

आणि स्टेपनी लावण्याआधी तिच्यावरचा चार आकड्यांचा कोडही वाचा. बऱ्याच गाड्यांत ती गाडीच्याच वयाची निघते.